घरट्याच्या किती जवळ जावे? पक्षी, कीटक आणि पाळीव प्राण्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांना एक प्रश्न

तिसरा_मजला | ९ मार्च, सकाळी ८:१५

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे सुट्टीच्या दिवशी आणि जमेल तेव्हा रोज सकाळी मी पक्ष्यांची आणि थोडीफार कीटकांची छायाचित्रे काढतो. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालण्याची एक जुनी नायलॉनची दोरी आहे. तिच्या लोंबत्या टोकाला जांभळ्या शिंजीराच्या मादीने परवापासून कोळ्याचे जाळे गुंडाळायला सुरुवात केली आहे. खोलीच्या काचेपासून ती जागा जेमतेम पाच फुटांवर आहे. छायाचित्रकाराला यापेक्षा अधिक काय हवे, असे कोणालाही वाटेल. मला मात्र दोन दिवस झोप लागलेली नाही आणि त्याचे कारण गेल्या वर्षी घडलेले आहे.

गेल्या वर्षी याच शिंजीरांचे घरटे गॅलरीतल्या मधुमालतीच्या वेलात होते. घरट्याच्या तोंडासमोर दोन डहाळ्या आड येत होत्या आणि पिल्लांच्या चोचींवर सावली पडत होती, म्हणून मी त्या डहाळ्या कात्रीने कापल्या. उजेड चांगला आला, छायाचित्रेही चांगली आली, आणि ज्यांना ती पाठवली त्या सर्वांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी सकाळी वेलावर भारद्वाज उतरला. मी आवाज ऐकून बाहेर जाईपर्यंत घरटे एका बाजूने फाटून लोंबत होते आणि आत काही उरले नव्हते. मादी दिवसभर तोंडात किडा धरून त्या वेलाशी येत राहिली. ज्याच्या दर्शनाने आपण दिवस चांगला जाणार असे मानतो, त्या भारद्वाजाला मी दोष देत नाही, कारण त्याला वाट मी मोकळी करून दिली होती.

आता प्रश्न असा आहे, की घरट्याचे छायाचित्र मुळीच काढू नये, की ते काढण्याची काही रीत आहे? पक्ष्यांखेरीज कीटकांची किंवा घरातल्या कुत्र्या-मांजरांची छायाचित्रे काढणाऱ्यांनीही आपले अनुभव अवश्य लिहावेत, कारण जवळ जाण्याचा प्रश्न तिकडेही येतच असणार.

रानवाट | ९ मार्च, सकाळी ८:४०

काढू नये. माझे उत्तर एवढेच आहे आणि गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर तुम्हालाही ते ठाऊक आहे.

सह्यकडा | ९ मार्च, सकाळी १०:०५

रानवाट यांच्या मताला कायद्याचाही आधार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या केली आहे, ती केवळ मारण्यापुरती किंवा पकडण्यापुरती नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना बाधा पोचवणे हेही त्या व्याख्येत येते. डहाळ्या कापून घरटे उघडे पाडणे ही त्या अर्थाने गंभीर गोष्ट आहे. हे तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही स्वतः ते मोकळेपणाने सांगितले, याबद्दल मला आदर वाटतो. परंतु छायाचित्रणाच्या कार्यशाळांमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर दोन दोन दिवस शिकवले जाते आणि ही व्याख्या कोणी वाचूनही दाखवत नाही, याचे मला दुःख आहे.

पाणवठा | ९ मार्च, दुपारी १:३०

मी रानवाट यांच्याशी पूर्ण सहमत नाही. आपण रानात शिरून पक्ष्याचे घरटे शोधणे आणि पक्ष्याने आपल्या दाराशी येऊन घरटे बांधणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. जी मादी कपड्यांच्या दोरीवर जाळे गुंडाळते आहे, तिने त्या घरातल्या माणसांची ये-जा, कुकरची शिट्टी, दार लावल्याचा आवाज हे सगळे आधीच पाहिले आहे. माणसांच्या वावरामुळे तिथे कावळा आणि भारद्वाज सहसा येत नाहीत, हेही शिंजीर घराजवळ येण्याचे एक कारण असावे असे मला अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून वाटते.

तेव्हा रीत आहे आणि ती अशी. आधी आठवडाभर कॅमेरा न काढता नुसते पाहावे. मादी किती वेळाने येते, आल्यावर थेट घरट्यात जाते की आधी दुसरीकडे बसून कानोसा घेते, हे घड्याळ पाहून वहीत लिहून ठेवावे. मग खोलीतून, पडद्याआडून, काचेच्या आतून कॅमेरा लावावा. तिच्या येण्याजाण्यातले अंतर वाढले, ती समोर बसून सारखी चिवचिव करू लागली किंवा चोचीत किडा असूनही आत जाईनाशी झाली, की त्याच क्षणी थांबावे आणि त्या मोसमात पुन्हा तो कॅमेरा तिथे लावू नये. पक्षी आपल्याला स्पष्ट सांगत असतो. आपले लक्ष पडद्यावरच्या चित्राकडे असते म्हणून ते ऐकू येत नाही.

गुलबक्षी | ९ मार्च, दुपारी २:१०

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतो असे माझी आजी नेहमी सांगायची. ते खरे आहे का?

पाणवठा | ९ मार्च, दुपारी ३:००

गुलबक्षी, वासामुळे टाकून देतो हे खरे नाही. बहुतेक पक्षी पिल्लाला वासावरून नाकारत नाहीत. घरट्यातून पडलेले, पंख न फुटलेले पिल्लू अलगद उचलून परत ठेवले तर आईबाप त्याला भरवतात. घरटे सोडले जाते ते वारंवार होणाऱ्या त्रासामुळे, आणि बहुधा अंडी उबवण्याच्या आधीच्या दिवसांत, कारण तेव्हा त्यांची गुंतवणूक कमी असते आणि दुसरीकडे नव्याने सुरुवात करणे त्यांना परवडते. म्हणूनच घरटे बांधणे चालू असताना जवळ जाणे सर्वांत धोक्याचे आहे. आजींचे म्हणणे शास्त्राने चुकीचे असले तरी त्यामुळे मुले घरट्यापासून लांब राहिली, हा त्याचा मोठा उपयोग झाला.

लीड्सचा_खंड्या | ९ मार्च, रात्री ११:२०

मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे पक्षी आहेत, त्यांना घरट्यापाशी त्रास देणे हा गुन्हा आहे आणि तसा त्रास होण्याची शक्यता असेल तर छायाचित्रणासाठी परवाना काढावा लागतो. आपला साधा छोटा खंड्या, जो महाराष्ट्रात कोणत्याही ओढ्यावर दिसतो, तो येथे त्या यादीत आहे. पहिल्या वर्षी नदीकाठच्या दरडीत त्याचे बीळ दिसल्यावर मी आनंदाने तिवई मांडून बसलो होतो. एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे येऊन मला हा नियम सांगितला. मी सामान आवरले आणि नंतर त्यांच्याबरोबरच दूरच्या पुलावरून तो पक्षी मासा घेऊन येताना पाहिला. त्या दिवशी एकही छायाचित्र मिळाले नाही, परंतु त्याने मासा फांदीवर आपटून, मग डोके पुढे येईल असा फिरवून धरल्याचे मला प्रथमच दिसले. मासा डोके पुढे करून धरला म्हणजे तो पिल्लासाठी आहे, स्वतः खायचा असेल तर खंड्या माशाचे डोके आपल्या घशाकडे फिरवतो, हे त्या गृहस्थांनी सांगितले.

चतुर_टाचणी | १० मार्च, सकाळी ७:००

कीटकांबद्दल विचारले आहे म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मॅक्रो छायाचित्रणात, म्हणजे लहान जीव मोठे करून टिपताना, जवळ गेल्याशिवाय काही होतच नाही. प्रत्यक्ष आकाराएवढी प्रतिमा हवी असेल तर शंभर मिलिमीटरची लेन्स लावूनही कीटक आणि लेन्सचे टोक यांत वीतभरच अंतर उरते, आणि इतक्या जवळून लेन्सचे छिद्र एफ/११ इतके लहान ठेवले तरी स्पष्ट दिसणारा पट्टा एक-दोन मिलिमीटरचा असतो. चतुराचा डोळा साधला की शेपूट धूसर होते. वारा आला की सगळेच हलते. या अडचणींमुळे लोक सोपे मार्ग शोधतात. फुलपाखराला डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि गारठून निपचित झाले की फुलावर मांडायचे, ग्लिसरीनचे थेंब फवारून त्याला दव म्हणायचे, खंडोबाच्या किड्याला आणि बेडकाला तारेने किंवा डिंकाने एकमेकांजवळ बसवायचे, हे सर्व प्रकार चालतात आणि त्यांना बक्षिसेही मिळालेली मी पाहिली आहेत. हे मला अतिशय वेदनादायक वाटते.

सरळ मार्ग कष्टाचा आहे, पण आहे. कीटक थंड रक्ताचे असतात, त्यामुळे पहाटे उन्हे येण्यापूर्वी ते आपणहून स्थिर असतात. गवतात टाचणी (चतुरासारखाच, पण नाजूक कीटक) दवाने माखून काडीला बिलगलेली असते आणि तुम्ही सावकाश गेलात तर ती फक्त काडीच्या पलीकडच्या बाजूला सरकते. फ्लॅश वापरायचाच असेल तर त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा पातळ थर्माकोल लावावा. उजेड मऊ पडतो आणि ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग उमटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाड ओळखायला शिकावे. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू हवे असेल तर त्याच्यामागे धावू नये, रुईच्या झाडापाशी बसावे. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे घालते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आणि पिवळ्या ठिपक्यांचा सुरवंट तिथेच वाढतो.

गेल्या श्रावणात आमच्या कुंपणाजवळच्या रुईवर मी एका कोषाकडे नऊ दिवस गेले. पहिले आठ दिवस तो हिरवट होता आणि त्याच्या वरच्या भागात चमकणारे बारीक ठिपके होते. नवव्या दिवशी पहाटे तो काळपट झाला होता आणि त्याच्या सालीतून केशरी पंख घडी घातलेले दिसत होते. साडेसातच्या सुमारास साल खालून उसवली, फुलपाखरू पायांनी रिकाम्या सालीला धरून लोंबकळले, आणि ओल्या चिंधीसारखे चुरगळलेले पंख दहा-बारा मिनिटांत पसरले. तो कोष फांदीसकट तोडून घरी आणला असता तर उजेड सोयीचा मिळाला असता, असे मला तेव्हा एकाने सुचवले होते. पण फांदी वाळली असती किंवा कोष चुकीच्या कोनात टांगला गेला असता तर पंख वाकडेच राहिले असते आणि ते फुलपाखरू कधीही उडाले नसते.

निवृत्त_मास्तर | १० मार्च, सकाळी ९:३०

चतुर_टाचणी यांचा प्रतिसाद वाचून मृगाचा किडा आठवला. पहिल्या पावसानंतर लाल मखमलीचे ते जीव आम्ही काड्यापेटीत भरत असू. आता मोबाइलला स्वस्तातले भिंग लावून विद्यार्थ्यांना तो जमिनीवरच दाखवतो. तो मुळात कीटक नाही. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या कुळातला आहे, हे मुलांना स्वतः काढलेल्या छायाचित्रात पाय मोजून कळते, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात आमच्या शाळेत मुलांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरते. मी शिकवत होतो तेव्हाच त्यासाठी एक नियम केला होता आणि तो अजूनही पाळला जातो: घरट्याचे छायाचित्र स्वीकारले जात नाही. पहिल्या वर्षी एका मुलाने बुलबुलाचे घरटे फांदीसकट तोडून वर्गात आणले होते, म्हणून तो नियम करावा लागला.

काळूची_आई | १० मार्च, दुपारी १२:४५

आमचा काळू हा गावठी कुत्रा आहे आणि नावाप्रमाणे कोळशासारखा काळा आहे. जंगली प्राण्यांचे माहीत नाही, पण घरातल्या प्राण्याच्याही जवळ जाण्याची रीत असते हे मला त्याच्याकडून कळले. तो आमच्याकडे आला तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याला कोणीतरी काठीने मारलेले होते. लांब काळी लेन्स त्याच्याकडे वळली की तो अंग चोरून पलंगाखाली जात असे. मी दोन महिने कॅमेरा नुसता सतरंजीवर ठेवत होते. तो येऊन हुंगायचा, निघून जायचा. एके दिवशी तो कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर डोके ठेवून झोपला. त्यानंतर मी जमिनीवर पालथी झोपून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पहिले छायाचित्र काढले.

उजेडाविषयी एक गोष्ट सांगते. काळ्या कुत्र्याने चौकट भरली की कॅमेरा त्याला राखाडी करायला पाहतो, म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा घेतो तो उजेड, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्यावर ठेवते आणि त्याला खिडकीजवळ आडव्या उजेडात बसवते. मग केसांवरची चमक उमटते आणि काळा रंग काळाच राहतो. फ्लॅश कधीही वापरत नाही. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागे चमकणारा पडदा असतो, त्यामुळे डोळे हिरवे भगभगीत येतात आणि त्यांना तो झोत सहन होत नाही तो वेगळाच.

कवड्या_खंड्या | १० मार्च, दुपारी २:२०

काळूची_आई, अंग चोरणारा काळू पट्ट्यावर डोके ठेवून झोपला हे वाचून फार आनंद झाला. परंतु तांत्रिक बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. मी कोतवाल पक्ष्याची छायाचित्रे काढतो, तोही पूर्ण काळा, आणि मला एक्स्पोजर नेहमी वाढवावे लागते, नाहीतर त्याच्या जागी नुसती काळी आकृती येते.

पाणवठा | १० मार्च, दुपारी ३:४५

दोघांचेही बरोबर आहे. काळूने चौकट भरलेली आहे, म्हणून कॅमेरा त्याच्यावरून हिशेब करतो आणि जास्त उजेड घेतो. तेथे कमी करावे लागते. तारेवरचा कोतवाल चौकटीत छोटा आहे आणि मागे पांढरे आकाश आहे, म्हणून कॅमेरा आकाशावरून हिशेब करतो आणि कमी उजेड घेतो. तेथे वाढवावे लागते. बगळ्याचेही तसेच आहे. गर्द झाडीसमोर लांबचा बगळा असेल तर कमी करावे, आणि बगळ्याने चौकट भरली असेल तर वाढवावे. रंग पाहून आकडा पाठ करू नये. कॅमेरा कशाकडे पाहतो आहे ते पाहावे.

भीमाकाठ | १० मार्च, रात्री ८:३०

मी उजनी धरणाच्या पाणलोटाच्या कडेला राहतो. भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात आणि आमच्यातले अनेक मच्छीमार त्या दिवसांत पर्यटकांना होडीतून नेतात. त्यांच्या बाजूने थोडे सांगतो.

छायाचित्रकाराला रोहित उडताना हवा असतो, कारण पंख उघडल्याशिवाय तो गुलाबी-काळा रंग दिसत नाही. बसलेल्या पक्ष्याची पन्नास छायाचित्रे झाली की मागणी सुरू होते, "जरा अजून पुढे घ्या, उठवा त्यांना." नाही म्हटले तर पुढच्या वेळी तो माणूस दुसरी होडी करतो. रोहित पक्षी डोके उलटे करून चोचीने पाणी गाळून खातो, तासन् तास खातो तेव्हा त्याचे पोट भरते. उठताना त्याला पाण्यावर धावत जावे लागते. एका सकाळी चार होड्यांनी चार वेळा उठवले तर त्याचे खाणे मोडतेच, शिवाय अंगातली ताकदही वाया जाते. आमच्या भागातल्या काही नावाड्यांनी आता ठरवून घेतले आहे, की ठरावीक अंतरावर इंजिन बंद करायचे, मग वल्ह्याने किंवा बांबूने सावकाश जायचे आणि पक्ष्याने मान वर केली की थांबायचे. थव्यातल्या एकदोघांनी माना वर केल्या तर ते तुम्हाला पाहत आहेत. सगळ्यांनी केल्या आणि पावले टाकू लागले तर तुम्ही उशीर केला आहे. जे पाहुणे तासभर तसेच बसून राहिले, त्यांच्याकडे पक्षी स्वतः चरत चरत आले आहेत, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा होडीत बसण्यापूर्वीच नावाड्याला सांगा, "पक्षी उठवायचे नाहीत, तरी पैसे पूर्ण देऊ." त्याला हे ऐकून बरे वाटेल.

रानवाट | १० मार्च, रात्री ९:१५

भीमाकाठ, हा प्रतिसाद प्रत्येक छायाचित्रकाराने वाचला पाहिजे. मी पुढच्या हिवाळ्यात येईन आणि हेच वाक्य बोलेन.

कळंब | ११ मार्च, सकाळी ६:५०

पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावून त्याला जवळ बोलावण्याबद्दल आपले काय मत आहे? नवरंग किंवा स्वर्गीय नर्तक दाट झाडीत असतो आणि एरवी दिसत नाही. अर्धा मिनिट आवाज लावला तर काय बिघडते, असे मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे.

सह्यकडा | ११ मार्च, सकाळी ८:२०

विणीच्या काळात बिघडते, कळंब. नराला वाटते की आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला आहे. तो खाणे सोडून, मादीची राखण सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. तुमचा अर्धा मिनिट असतो, पण त्याच दिवशी त्याच वाटेवर तुमच्यानंतर आणखी दहा जण येतात आणि प्रत्येकाचा अर्धा मिनिट असतो. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी किती लेन्स एका पाणवठ्याकडे रोखलेल्या असतात, हे पुण्याकडच्या सदस्यांना ठाऊक आहे.

कळंब | ११ मार्च, सकाळी ८:५५

माझ्यानंतर येणाऱ्यांचा विचार मी केला नव्हता. मोबाइलमधले ते आवाज आता फक्त ओळखायला शिकण्यासाठी ठेवतो.

पिठोरी | ११ मार्च, दुपारी ४:१०

पाळीव प्राण्यांत बैल धरत असाल तर मीही लिहितो. आम्ही खिल्लार बैल पाळतो. खिल्लार जनावर चपळ आणि बुजरे असते. पोळ्याच्या दिवशी शहरातून छायाचित्रकार येतात. झूल, बाशिंग, शिंगांचे बेगड आणि गोंडे यांचे त्यांना आकर्षण असते आणि ते साहजिक आहे. पण ते बैलाच्या थेट तोंडासमोर येऊन छत्रीसारखा पांढरा पडदा उघडतात. गेल्या वर्षी त्यामुळे आमचा धाकटा बैल उधळला आणि वडिलांच्या हातातला कासरा तळव्याची कातडी सोलून गेला.

माझी विनंती आहे की पोळ्याऐवजी आदल्या दिवशी, खांदेमळणीला यावे. त्या संध्याकाळी गर्दी नसते. वडील बैलाच्या मानेला हळद आणि तूप चोळतात, वर्षभर जू बसलेला तो घट्टा बोटांनी दाबत जातात, आणि कानाशी वाकून सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैल डोळे अर्धे मिटून मान खाली सोडतो. खांद्याच्या बाजूने, बैलाला दिसेल असे उभे राहा, आधी त्याच्याशी दोन शब्द बोला आणि मग कॅमेरा वर घ्या. मागच्या बाजूने कधीही येऊ नका.

गुलबक्षी | ११ मार्च, सायंकाळी ६:००

पिठोरी, मला हे छायाचित्र काढायचे नाही, पण पाहायला यायचे आहे.

आषाढसरी | १२ मार्च, सकाळी ९:४०

मेअखेर राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूंना काजव्यांसाठी जी गर्दी उसळते, त्याबद्दल आताच लिहून ठेवते, कारण तेव्हा कोणी वाचत नाही. काजव्यांचे छायाचित्र दीर्घ एक्स्पोजरने काढतात. वीस-तीस सेकंदांच्या अनेक चौकटी घेऊन त्या एकावर एक रचतात. जे झाड प्रत्यक्षात लुकलुकते, ते चित्रात पेटल्यासारखे दिसते. तसे चित्र पाहून आलेला माणूस प्रत्यक्ष दृश्याने निराश होतो आणि अधिक जवळ, झुडपांत शिरतो. अनेक काजव्यांमध्ये मादी खाली झुडपात किंवा गवतात बसून नराच्या लुकलुकीला उत्तर देत असते, म्हणजे आपण नेमके तिच्यावर पाय देतो. गाडीच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या बॅटरीने दोघांनाही एकमेकांची खूण दिसत नाही. चित्राखाली निदान एवढे तरी लिहावे, की हे अनेक चौकटी एकत्र करून केलेले आहे.

रानवाट | १२ मार्च, सकाळी ११:००

आणखी एक गोष्ट चित्राखाली न लिहिण्याची आहे, ती म्हणजे जागा. रानपिंगळा (एक छोटे घुबड) १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाला दिसला नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. असा दुर्मिळ पक्षी आज कोणाला घरट्याच्या ढोलीपाशी दिसला आणि त्याने मोबाइलवर काढलेले छायाचित्र जसेच्या तसे पाठवले, तर त्यात अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. कॅमेऱ्यातली जागेची नोंद बंद ठेवावी आणि अशा पक्ष्याचा नुसता जिल्हा सांगावा.

चतुर_टाचणी | १२ मार्च, दुपारी १२:३०

रानवाट यांच्याशी सहमत आहे, फक्त सामान्य फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या बाबतीत उलट करावे. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख आणि जागेसह नोंद केली तर ती अभ्यासकांना उपयोगी पडते. त्यासाठी पंख मिटलेले असतानाची खालची बाजूही टिपावी, कारण कित्येक जातींची ओळख तिथल्या खुणांवरूनच पटते. असे छायाचित्र देखणे नसते, म्हणून लोक ते पुसून टाकतात.

तिसरा_मजला | ४ एप्रिल, रात्री ९:५०

सर्वांचे मनापासून आभार. एवढे दिवस उत्तर दिले नाही, कारण पाणवठा यांनी सांगितल्याप्रमाणे मी नुसते पाहत होतो. दोरीवर कपडे घालणे बंद केले आहे. घरटे पूर्ण व्हायला आठ दिवस लागले. त्यात वाळकी पाने, सालीचे तुकडे, सुरवंटाची विष्ठा आणि आमच्याच घरातला लोकरीचा एक निळा धागा आहे, आणि तोंडावर पागोळीसारखी छोटी पडवी आहे. मादी उबवायला बसली की तिची फक्त वाकडी चोच आणि एक डोळा त्या पडवीखाली दिसतो. परवा पिल्ले बाहेर आली असावीत, कारण तिने चोचीत बारीक कोळी आणायला सुरुवात केली आहे.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. आज सकाळी सात ते आठ या तासात ती नऊ वेळा आली. मी काचेच्या आत पडद्याला बोटभर फट ठेवून उभा राहिलो तेव्हाही नऊ वेळा आली. कॅमेरा तिवईवर लावून फटीत ठेवला तेव्हा ती पाच वेळा आली आणि दोनदा समोरच्या तारेवर बसून परत गेली. मी कॅमेरा काढला.

पाणवठा | ४ एप्रिल, रात्री १०:१५

लेन्सचा पुढचा मोठा गोल काळा भाग तिला डोळ्यासारखा वाटत असावा. आता लावू नका. पिल्ले मोठी झाल्यावर नरही भरवायला येईल, तेव्हा त्यांचे भय कमी झालेले असते.

रानवाट | ४ एप्रिल, रात्री १०:४०

पहिल्या दिवशी मी एका शब्दात उत्तर दिले होते. तुमची वही पाहून मला माझे उत्तर थोडे बदलावेसे वाटते आहे. ती वही सांगेल तसे करा.

तिसरा_मजला | १८ एप्रिल, सकाळी ११:२०

काल सकाळी दोन्ही पिल्ले उडाली. पहिले आधी पडवीत येऊन बराच वेळ बसले, मग दोरीवरून मधुमालतीवर गेले. दुसरे दुपारपर्यंत आतच होते. नर चोचीत किडा घेऊन समोरच्या तारेवर बसून त्याला बोलावत राहिला आणि जवळ आलाच नाही. शेवटी तेही गेले.

शेवटच्या आठवड्यात कॅमेऱ्यावर पडद्याचेच कापड गुंडाळून तो मी दोन दिवस फटीत नुसता ठेवला होता, आणि तिसऱ्या दिवशी येण्याजाण्याची संख्या तशीच राहिल्यावर सकाळी दहा मिनिटे छायाचित्रे काढली. काचेमुळे किंचित धूसर आहेत. एकात मादी घरट्याला उलटी लटकून पिल्लाची विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून निघाली आहे, आणि मागे तो निळा धागा वाऱ्याने उडालेला आहे.

घरटे आता रिकामे आहे. ते काढून दोरी पुन्हा वापरावी, की तसेच ठेवावे?

पाणवठा | १८ एप्रिल, दुपारी १२:०५

तसेच ठेवा. शिंजीर एका मोसमात दुसऱ्यांदाही वीण करतात आणि जागा निर्धोक ठरली तर तिच्याच जवळ पुन्हा बांधतात. कपड्यांसाठी दुसऱ्या बाजूला नवी दोरी बांधा.

काळूची_आई | १८ एप्रिल, दुपारी १२:३०

आणि लोकरीचे थोडे धागे कठड्यावर ठेवा, बोटभर लांबीचेच, म्हणजे पिल्लांच्या पायांत अडकणार नाहीत.